हजेरीपटाचं पेन

नव्या नोकरीच्या तिसऱ्याच आठवड्यात माझे डोळे आले आणि मी रजा न टाकता ऑफिसला गेलो. अजून कायम व्हायचं होतं. महिना भरायच्या आत आजारी पडणाऱ्याला साहेब कशाला ठेवतील? काळा चष्मा लावून सगळ्यांच्या आधी पोचलो, डोळे मनसोक्त चोळले आणि त्याच हाताने हजेरीपटाला दोरीने बांधलेल्या पेनाने सही केली.

आज सहापैकी पाच खुर्च्या रिकाम्या आहेत. त्यांच्यावर पंखे इमानाने फिरताहेत आणि ते पेन टेबलाच्या कडेला निरागसपणे झुलतंय. पाचही जणांनी, साहेबांनीसुद्धा, एकेका फोनवर रजा घेतली. किती सहज! नवा माणूस रजेला भितो तो कामाच्या काळजीपोटी नव्हेच. आपण नसलो तर कुणाला आठवणसुद्धा येणार नाही, ही त्याची खरी भीती. माझी ती भीती आता कायमची गेली. पाच घरांत सकाळ-संध्याकाळ माझी आठवण निघत असणार.

मघापासून फोन वाजतोय. कुठली फाईल कुठे असते, हे मी शिपाई रामभाऊंना विचारलं. लाल डोळ्यांत औषधाचा थेंब सोडत ते म्हणाले,

"त्या दिवशी तुमच्यावाचून काही अडलं नसतं हो. आज तुमच्यामुळे अडलंय."