पाव्हण्याची तपासणी

आकाराम सरगर तपासणीला निघाले की घरून पाण्याची बाटली आणि भाकरी बांधून घेत. सरकारी कामावर नजर ठेवायला सरकारच जे पथक नेमतं, त्यात ते सांगलीला तपासनीस होते. घरकुल खरंच उभं राहिलं का, रस्त्यावर खडी पडली का, टँकर पोचतो का, हे जाऊन डोळ्यांनी बघायचं आणि वर कळवायचं. ज्या गावाची तपासणी, त्या गावाचा चहासुद्धा घ्यायचा नाही, हा त्यांचा नेम. "ज्याचं पाणी प्यालं, त्याच्यावर कलम चालत न्हाई," असं म्हणायचे. कचेरीत त्यांना मागून 'बाटलीवाले' म्हणत. म्हणोत बापडे. या माणसानं कधी कुणाच्या बापाची भीड ठेवली नाही, आणि ठेवली ती एकदाच, तीही नको त्या जागी.

ते मूळचे औंधच्या पलीकडच्या माळावरचे. बापाची मेंढरं होती, आणि मेंढरांमागं हे आणि धाकटी बहीण बयाबाई. ओढ्यात झरा उकरला की आधी आकाराम ओंजळभर पाणी पिऊन बघायचे. गढूळ असलं, खारट असलं तर थुंकायचे. बरं असलं तर म्हणायचे, "पी बया, चांगलं हाय." तोवर ती तहानेनं कासावीस झाली तरी वाट बघत उभी राहायची. पुढं तिला जतच्या पूर्वेला, कर्नाटकाच्या शिवेवर, माळाच्या माथ्यावरच्या हुलगेवस्तीत दिली.

एका एप्रिलमध्ये त्याच हुलगेवस्तीची तक्रार आली. कुणी तरी फोनवर सांगितलं होतं की टँकर गावात येतो, पण माथ्यावर चढत नाही. नाव सांगितलं नव्हतं. टँकरवरचं यंत्र तर टँकर गावात रोज पोचल्याचं दाखवत होतं, म्हणून जाऊन बघणं भाग होतं. साहेबांनी काम आकारामांकडं दिलं. खरं म्हणजे तिथंच सांगायला हवं होतं की साहेब, तिथं माझी बहीण नांदते, दुसऱ्या कुणाला पाठवा. पण त्यांना वाटलं, तपासणीही होईल आणि बयाची गाठही पडेल. एका दगडात दोन पक्षी मारायला निघालेल्या माणसाला दगड कुठं लागणार हे कळत नाही.

ते पोचले तेव्हा बयाबाईच्या दारात पाण्याची भांडी ओळीनं काठोकाठ भरलेली होती. भाऊ येणार हे तिला दोन दिवस आधी फोनवर कळलं होतं. तिनं ओवाळलं, आणि म्हणाली, "दादा, आधी आंगोळ कर. लांबनं आलायस."

"मी कामावर हाय बया."

"बहिणीच्या घरी कसलं काम रं?"

तिनं पाणी तापवून ठेवलेलंच होतं. इतक्या वर्षांचा नेम आकारामांनी न्हाणीच्या दगडावर बसून धुऊन टाकला, आणि वर तिच्या हातचा चहाही प्याले.

मग ओसरीवर शेजारच्या बाया गोळा झाल्या. पाण्याचं बायांनाच विचारायचं, गड्यांना नाही, हीही त्यांची रीत. "टँकर वर येतो का?" त्यांनी विचारलं. बाया गप्प. सगळ्यांच्या नजरा बयाबाईकडं. शेजारीण धोंडुबाई बोलायला तोंड उघडणार, तोच बयाबाईनं तिचा पदर ओढला आणि हसून म्हणाली, "येतो की. पाणी लय हाय आमच्यात."

माहेरच्या माणसासमोर सासरचं उणं काढायचं नाही, आणि घरी आलेल्या पाव्हण्याला दुःख वाढायचं नाही. या मुलखात ही शिकवण बाई आईच्या दुधाबरोबर पिते. आकारामांना हे माहीत नव्हतं असं कसं म्हणावं? त्यांची आईही अशीच होती. पण समोर भरलेली भांडी होती आणि बहिणीचं हसू होतं. सरकारी माणसानं बहिणीची साक्ष धरली, तिथंच घात झाला.

निघताना बयाबाई वेशीपर्यंत आली. "दादा, तपासणी पुन्यांदा हुती का रं?"

"तक्रारीत काय न्हाई निघालं, की मिटलं. परत कोण येतंय?"

"बरं," ती म्हणाली, आणि बराच वेळ तिथंच उभी राहिली. त्यांना वाटलं, भाऊ चाललाय म्हणून उभी आहे. तक्रारीत तथ्य नाही, असं त्यांनी वर कळवलं.

मे संपता संपता भाच्याचा फोन आला. ओढ्याकडच्या जुन्या विहिरीत उतरताना बयाबाईचा पाय पायरीवरून सुटला. तळाला हातभरच पाणी, बाकी नुसता कातळ. आकाराम माहेरचं लुगडं घेऊन गेले. तिला शेवटची आंघोळ घालायची होती. पाणी हवं म्हटल्यावर घराघरातून एकेक तांब्या आला. बाया तो पदराखाली धरून आणत होत्या, जपून, वाटेत थेंब सांडू न देता.

"एवढंच पाणी?" त्यांनी धोंडुबाईला विचारलं.

"आवं, आजचं तरी लय म्हणायचं," ती म्हणाली. ती त्यांच्या नजरेला नजर देत नव्हती. "तुमी आलासा तवा तिनं आदल्या दिवशी पहाटंपासनं खेपा घातल्या, शिवंपल्याडनं. आमच्याकडनंबी उसनं नेलं. तुमाला आंगोळीला."

"मग तवा बोलला का न्हाईत तुमी?"

"तिनं शपथ घातलीती. आन दादा, तकरार तिनंच केलीती. माझ्याच फोनवरनं. सरकारचं कोणतरी येईल, त्येला समदं दावायचं, असं ठरलं हुतं आमचं. तुमीच याल, हे तिला काय ठावं?"

आकाराम भिंतीला टेकून खाली बसले आणि लहान मुलागत रडले. झऱ्याचं पाणी आधी आपण चाखून तिला देणारा हा माणूस, त्यानंच तिला सांगितलं होतं की मिटलं, परत कोणी येत नाही.

तेरावा झाल्यावर त्यांनी साहेबांपुढं उभं राहून सगळं सांगितलं, आणि आपल्याच तपासणीची तपासणी मागितली. ती करायला साताऱ्याहून पल्लवीबाई नावाच्या तरुण अधिकारी आल्या. त्यांनीही स्वतःची बाटली आणली होती. जबाबासाठी आकारामांनाही वस्तीवर बोलावलं होतं. पल्लवीबाईंनी बायांना तोच प्रश्न विचारला, आणि पुन्हा तेच झालं. सगळ्यांच्या नजरा आकारामांकडं. पाव्हण्याच्या तोंडावर त्याला खोटं कसं पाडायचं?

आकाराम उभे राहिले. "मी पाव्हणा न्हाई आता," ते म्हणाले. "जिच्यामुळं पाव्हणा हुतो ती गेली. तुमचा माझा संबंध न्हाई. बोला."

धोंडुबाईनं पदर तोंडाला लावला, मग काढला. "टँकर येतो बाई," ती म्हणाली. "खाली टँकरच्या ठेकेदाराच्याच डाळिंबाच्या बागंत रिकामा हुतो आन तिथनंच माघारी जातो. आमी वरनं बघतो रोज." मग दुसरी बोलली. मग तिसरी.

आकाराम तिथून निघून बांधावरच्या बाभळीखाली जाऊन बसले. मागं बाया एकीमागून एक बोलत होत्या, आणि आता त्यांच्याकडं कुणीच बघत नव्हतं.