न थांबणारा मुकादम

घरात आणि ऑफिसातही तिला सगळे धाकटीच म्हणत. कुणाला अडवायचं तिच्या जिवावर यायचं. तिने बांधलेला कंपायलर ड्रायव्हरही तसाच. लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत जाईपर्यंत एकामागून एक बरीच कामं करावी लागतात. ती करवून घेणारा हा मुकादम. कुठल्याही विभागाने त्याच्या हाताखाली आपलं एखादं काम जोडावं, मूळ रचनेला धक्का लागत नसे. शिवाय एखादी सूचना कळली नाही, तर ती सोडून त्याने पुढे जायचं, ही सोय तिने हौसेने ठेवली होती.

त्या दुपारी तिने औषधपंपांत भरलेल्या प्रोग्रामची नोंद उघडून पाहिली. हे पंप तान्ह्या बाळांना थेंबाथेंबाने औषध देणार होते, आणि मात्रेची तपासणी झाल्याची खूणच स्क्रीनवर नव्हती.

ती पंप विभागातल्या ताईंकडे धावली. "ताई, प्रोग्राम तयार करायला जे नवं मशीन आलंय, त्यावर तुमची तपासणी बसवलीत ना?"

"बसवायची पण होती? आम्ही सूचना दिलीय की गं."

सूचना होती, तपासणी नव्हती. तपासणीच मशीनवर नसल्याने मुकादमाला ती सूचना कळली नाही आणि तो मुकाट्याने पुढे गेला.

"सर, पंप पाठवू नका," तिने साहेबांना गाठलं.

"खाली गाडी भरतायत. बिघडलंय काय?"

"तेच माहीत नाही. तपासलंच गेलं नाही. चूक माझ्या ड्रायव्हरची."

"गाडी भरून होईपर्यंत दाखव काहीतरी. नुसत्या शंकेवर मी ती थांबवू शकत नाही."

आईचा फोन आला. "जेवलीस का?"

"आई, नंतर."

"आवाज असा का येतोय तुझा?"

तिने फोन उलटा ठेवला. मग मुकादमाला बजावलं: न कळलेली सूचना दिसली की थांबायचं. लगेच मजलाभर आरडाओरडा झाला. प्रत्येकाच्या कामात कुठली ना कुठली जुनी, निरुपयोगी सूचना पडलेली होतीच.

"धाकटी कसली, खाष्ट सासू बसलीय मशीनवर!"

तिने मान वर केली नाही. ताईंनी तपासणी बसवली. प्रोग्राम पुन्हा तयार व्हायला लागला. खाली गाडीचं दार आपटल्याचा आवाज आला.

स्क्रीनवर लाल ओळ उमटली: कमी वजनाच्या बाळासाठी मात्रा मर्यादेबाहेर.

मागे उभ्या साहेबांनी ती वाचली आणि ते जिन्याकडे पळत सुटले.

"अगं, माझं काम अजून अडलंय!" कुणीतरी ओरडलं.

"अडू दे," धाकटी म्हणाली आणि तिने फोन सुलटा केला.