पटका आणि हाळी

गेल्या महिन्यात शेजारच्या मळ्यातला एक जण उसाच्या ट्रॉलीवरून घसरून पडला. त्याचा भाऊ धावत आमच्या दारात आला. हातात घडी केलेला पांढरा पटका.

"तात्या, चला बिगीनं. त्येच्या बरगड्या बांधायच्यात. तुमी काकीच्या बांधल्या तशाच."

बरगड्या बांधणारा म्हणून गावात माझं नाव झालं आहे. ते नाव खोटं आहे, आणि मी ते कधी खोडून काढलं नाही. म्हणून हे लिहितो आहे.

दोन वर्षांपूर्वी माझी बायको कडब्याच्या गंजीवरून खाली आली ती जनावरांच्या पाण्याच्या दगडी डोणीवर आपटली. उजव्या कुशीला हात लावू देईना. तरुणपणी मी आष्ट्याकडच्या एका तालमीत होतो. तिथे कुणाची बरगडी दुखावली की वस्ताद पटका आवळून बांधायचे, आणि तो गडी पुन्हा मातीत उतरायचा. मला वाटलं, हे तर आपल्याला येतं. दवाखान्यात बरगडीला प्लास्टर घालत नाहीत, एवढंही ऐकून माहीत होतं. मग तिथे जाऊन करायचं काय? मी घरातलाच पटका तिच्या छातीभोवती आवळून बांधला.

"जरा सैल करा की," ती म्हणाली. "दम घेता येईना."

"दम थोडा घेतला की हाड हालत न्हाई. लवकर जुळंल."

मोठ्या जाणकारीने मी हे बोललो. ते वाक्य अजून कानातून जात नाही.

माझं ऐकून ती वरवरचा श्वास घेत राहिली. खोकला आला तरी गिळायची. चार-पाच दिवसांत अंगात ताप भरला, ओठ काळपट पडले, बोलताना वाक्य पुरं होईना. तेव्हा कुठे मी जीप बोलावली.

मिरजेच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी आधी कात्री घेऊन पटका कापला. "हे कुणी बांधलं?"

मी तोंड उघडण्याआधी बायको म्हणाली, "मीच बांधून घेतलं, बाई. तेवढंच बरं वाटत हुतं."

'तोंड उघडण्याआधी' असं लिहिलं खरं, पण मी तोंड उघडणार नव्हतो. खिडकीबाहेर बघत उभा होतो.

बाईंनी समजावलं. बरगडी आपली आपण जुळते. छाती आवळली की फुप्फुसाचा खालचा भाग मिटून राहतो, तिथे कफ साठतो आणि न्यूमोनिया होतो. वेदनेचं औषध देतात तेही एवढ्यासाठीच, की माणसाने न भिता छाती भरून श्वास घ्यावा. मग त्यांनी श्वासाच्या व्यायामाचं, आत तीन हलके गोळे असलेलं प्लास्टिकचं यंत्र तिच्या हातात दिलं. नळीतून हवा ओढली की गोळे वर चढतात. पहिल्या दिवशी एकही हलला नाही.

"जल्मात तुमाला बिडी वढू दिली न्हाई," ती मला म्हणाली, "आन म्हातारपणी मलाच चिलीम लावली की वो."

ती हसली, हसण्याने कळ आली, आणि तिने कूस धरली. नर्सने मला उशी धरायला शिकवलं. खोकताना दुखऱ्या जागेला आधार द्यायचा, खोकला सरला की हात काढायचा. माझे हात आवळायला शिकलेले.

"लय दाबताय," ती म्हणायची. मी हात ढिला केला की, "आवं, आता सोडून कुठं चाललाय?"

तिचं माहेर पूर्वेकडच्या दुष्काळी भागातलं, मेंढरं राखणाऱ्यांचं. हाळी तिने तिकडूनच आणली. शेरडं माळावर कितीही लांब गेली तरी बांधावर उभी राहून एका दमात लांबलचक हाक द्यायची, आणि ती वळायची. दवाखान्यातून आल्यावर ती हाळी अर्ध्यात तुटू लागली. मी देऊन बघितली. शेरडांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि चरत राहिली. ती मात्र रोज संध्याकाळी कुशीला हात लावून बांधावर जायची. आधी आवाज बाभळीपर्यंत जाई, पुढे विहिरीपर्यंत जाऊ लागला.

आल्यागेल्याला ती सांगायची, "ह्यांनी बांधलं म्हणून वाचले." मी शेजारी चहा पीत बसायचो.

त्या दिवशी पटका घेऊन आलेल्या पोराला मी म्हणालो, "बांधायचं न्हाई. बांधल्यानंच तुझी काकी मरायला टेकली हुती. मी बांधलं हुतं. तिनं माझ्यासाठी खोटं सांगितलं."

"तात्या, चेष्टा करायची येळ हाय का ही?" त्याला ते खरंच वाटेना. "काकी सोता सांगत्यात की."

बायको माळाच्या कडेला शेरडांमागे होती. आमचं बोलणं तिला ऐकू जाणं शक्य नव्हतं, पण त्याच्या हातातलं पांढरं फडकं तिला दिसलं असावं. तिथूनच तिची हाळी आली.

"ठेव रं त्यो पटका! गाडी काढ! मिरजेला न्ये त्येला!"

आवाज मध्ये कुठेच तुटला नाही. शेरडांनीसुद्धा माना वर केल्या. पोराने पटका माझ्या ओट्यावर टाकला आणि गाडी काढायला पळाला.

मी बायकोच्या कुशीला धरायचो ती घरातली उशी घेतली, त्यांच्या मळ्यात गेलो आणि गाडीच्या मागच्या सीटवर त्या जखमी माणसाशेजारी बसलो. खड्डा आला, तो खोकला. मी उशी त्याच्या कुशीला लावली.

"दम घे," मी म्हणालो. "दुखंल, पर भरून घे."