ठाण्यात अरबी कोणाला येतं?

माझ्या मित्राची आई अरबस्तानातल्या एडन बंदराची. त्याचे वडील पलटणीत होते, तिकडेच लग्न करून तिला ठाण्याला घेऊन आले. घर यहुद्यांचं, शनिवारी तेलाचा घाणा बंद, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे. ती आमच्यासारखंच मराठी बोले आणि मला पोटच्या पोरासारखं रागावे. म्हातारपणी ताप डोक्यात गेला आणि एका सकाळी तिचं मराठीच गेलं. ती नुसती अरबी बोलू लागली. मित्राला त्यातलं अक्षर कळेना. चार दिवस तो तिच्या उशाशी बसून होता.

"अरे, आई काहीतरी मागतेय रे, तेच तेच म्हणतेय! तिचं शेवटचं मागणंही मला कळू नये?"

मी कचेरीतला कारकून, तेव्हा शहाणा मीच! अरबी म्हणजे मुसलमानांची भाषा, त्यात काय एवढं? तडक मशिदीतल्या मौलवीसाहेबांना घेऊन आलो. फार भला माणूस. त्यांनी बराच वेळ कान देऊन ऐकलं, मग मान खाली घातली. "बाबा, मी कुराण वाचतो. हे बोलणं मला समजत नाही. आम्ही घरी तुमच्यासारखंच बोलतो." मी असा ओशाळलो म्हणून सांगू!

वाट त्यांनीच दाखवली. खाडीत खजुराचं गलबत लागलं होतं, त्यावर एक म्हातारा अरब खलाशी होता. काळाकुट्ट, अंगठेबहाद्दर. "हा कसला अरब? हा तर हबशी!" असं मी त्याच्या तोंडावर बोललो. अजून लाज वाटते. तरी तो उठून माझ्याबरोबर निघाला.

दारात वहाणा काढून तो आत आला, तिच्याशी दोन शब्द बोलला, आणि काय सांगू, म्हातारी हसली! त्याचा हात धरून भडाभडा बोलत सुटली. हा मुसलमान, ती यहुदी. पण माहेरचं माणूस आल्यासारखी खुलली होती.

मित्र पुढे सरकला. "काय म्हणतेय? काय हवंय तिला?"

खलाशानं त्याच्याकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे वळून मोडक्यातोडक्या हिंदुस्थानीत हळूच म्हणाला, "म्हणते, कुणाचा कोण मुलगा, कधीचा इथं उपाशी बसलाय. त्याला घरी पाठवा. त्याची आई वाट बघत असेल."