बंदूक घरी ठेव, ऑस्मो

तुइस्कु भिंतीकडे तोंड करून उभी राहिली की हिल्क्का हातातलं काम टाकून तिच्याजवळ बसायची. करड्या रंगाची, पाठीवर शेपूट वळलेली ती शिकारी कुत्री तशीच दहा-दहा मिनिटं उभी असायची. जन्मापासून तिच्या पोटातली एक शीर चुकीच्या वाटेने गेली होती. रक्त यकृतातून गाळून निघण्याऐवजी तसंच पुढे जायचं, आणि मांस खाल्लं की त्याचं विष डोक्यात चढायचं. एवढं निदान व्हायला वर्ष गेलं. तोवर गावाने तिला वेडी ठरवून टाकलं होतं.

हिल्क्का गावच्या शाळेत स्वयंपाकीण. वय छप्पन्न, बांधा बुटका, खांदे रुंद. कुठल्या पोराला दूध चालत नाही, कुणाला गहू चालत नाही, हे तिला बावीस वर्षांचं पाठ होतं. तेव्हा कुत्रीला मांस चालत नाही, याचं तिने फार कौतुक केलं नाही. ओटची पेज, अंडं, ताजं चीज आणि दिवसातून तीनदा चमचाभर गोड औषध. तीन वर्षं हे चाललं. नवरा रेइनो गेला, त्याच्या दफनाच्या दिवशीसुद्धा औषधाची वेळ चुकली नाही.

लेह्तोवारा या त्यांच्या गावात कुत्र्याची किंमत मात्र जंगलात ठरते. शिकारीच्या टोळीत अकरा पुरुष आणि एकटी हिल्क्का. पेजेवर वाढलेली तुइस्कु घोड्याएवढ्या एल्क हरणासमोर उभी राहून असं भुंकायची की तो जागचा हलायचा नाही. त्यामुळे टोळीतले लोक हिल्क्काच्या डब्यातल्या चमच्याला हसायचे आणि कुत्रीला मात्र न्यायला यायचे.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी तुइस्कुने एका मोठ्या नराला पावणेदोन तास धरून ठेवलं. टोळीचा म्होरक्या ऑस्मो, हिल्क्काचा शेजारी, त्याने गोळी घातली. हिल्क्का दलदलीच्या पलीकडच्या टोकाला होती. तिला पोचायला अर्धा तास लागला. तेवढ्यात ऑस्मोने रिवाज पाळला होता. जनावर धरून ठेवणाऱ्या कुत्र्याला काळजाचा गरम तुकडा मारणाऱ्याने स्वतःच्या हाताने भरवायचा. तिकडे हे चुकवणारा माणूस कोत्या मनाचा समजला जातो.

हिल्क्काने सुरीकडे पाहिलं, मग कुत्रीच्या तोंडाकडे.

"किती दिलंस?"

"एवढंसं, गं." ऑस्मोने दोन बोटं दाखवली. "राबली ती. तिच्या हक्काचं होतं."

"तुला ठाऊक होतं."

"ठाऊक होतं. पण एवढ्याशाने काय होतंय, असं वाटलं."

संध्याकाळी तुइस्कुने चुलीच्या विटांना डोकं टेकलं आणि रेटत राहिली. मग तिला झटके सुरू झाले. तालुक्याच्या डॉक्टरने सलाइन लावून तिला परत आणलं, पण रविवारी स्पष्ट सांगितलं: आता पथ्याने भागणार नाही. राजधानीत ऑपरेशन होतं. त्या शिरेभोवती एक कडी बसवतात, ती हळूहळू शीर बंद करते. दहातली दोन-तीन कुत्री टेबलावर नाहीतर पहिल्या तीन दिवसांत जातात. नाही केलं, तर हिवाळा निघणं कठीण.

सोमवारी सकाळी ऑस्मो दारात उभा. टोपी हातात, खांद्याला बंदूक.

त्या गावात स्वतःचं कुत्रं कुणी स्वतः मारत नाही. शेजारी येतो, गोठ्यामागे नेतो, परत येऊन कॉफी पितो, आणि पुन्हा तो विषय निघत नाही. ऑस्मोची दोन कुत्री रेइनोने अशीच नेली होती.

"चूक माझी," ऑस्मो म्हणाला. "तेव्हा हे कामही माझंच. तू आत थांब."

"बस. कॉफी घे."

"नंतर घेतो."

"नंतर काही नाही. आत्ताच घे." तिने कप त्याच्यासमोर आदळला. "तुझ्या गुडघ्यात लोखंड बसवलं, तेव्हा मी आले होते का तुला गोठ्यामागे न्यायला?"

"मी माणूस आहे, हिल्क्का."

"हो, आणि तीन महिने एका जागी बसून सगळ्यांवर खेकसत होतास. ही कधी खेकसली नाही."

ऑस्मोने कपात साखर टाकली. तो साखर घेत नसे. "ती सोसतेय गं. आपण आपल्यासाठी तिला ओढत राहायचं, हे मला पटत नाही. रेइनो असता तर त्यालाही पटलं नसतं."

हे तिला लागलं, कारण ते खरं होतं. रेइनोला पटलं नसतं.

"रेइनो नाही," ती म्हणाली. "आणि काल सलाइन काढल्याबरोबर ती माझ्या बुटाची नाडी चावायला लागली. मरायला टेकलेलं जनावर नाड्या चावत नाही. बंदूक घरी ठेव, ऑस्मो. गाडीत डिझेल भर. सहाशे किलोमीटर आहे आणि मला मागे तिच्याजवळ बसायचंय."

"मी? ऐन शिकारीच्या दिवसांत?"

"तूच."

त्याने गोड कॉफी तोंड वाकडं करत संपवली आणि तो डिझेल भरायला गेला.

दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीण बाईंनी सगळे धोके एकेक करून सांगितले. हिल्क्काने चष्मा लावून कागद ओळ न् ओळ वाचला आणि सही केली. ऑपरेशन तीन तास चाललं. कडी बसली. पण खरी भीती पुढच्या तीन दिवसांची आहे, असं बाई म्हणाल्या. ऑस्मो परत जाऊ शकत होता, गेला नाही. हिल्क्काच्या मावसबहिणीच्या घरी, लहान मुलाच्या पलंगावर पाय दुमडून झोपला. रोज सकाळी दोघं दवाखान्याच्या बाकावर येऊन बसायची.

तिसऱ्या सकाळी डॉक्टरीण बाई बाहेर आल्या. पहाटेपासून पुन्हा झटके येत होते.

"अशा वेळी बरेच जण उपचार थांबवायचं ठरवतात," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तुम्हाला कुणी नावं ठेवणार नाही."

"तुमचे उपाय संपलेत का?" हिल्क्काने विचारलं.

"नाही. दोन औषधं आहेत अजून. पण खात्री—"

"मग ती द्या. संपली की या माझ्याकडे."

बाईंनी ऑस्मोकडे पाहिलं. बहुधा त्याला नवरा समजून. ऑस्मोने गुडघ्यावरचा हात उचलला नाही.

"माझ्याकडे बघू नका, बाई," तो म्हणाला. "मी तर बंदूक घेऊन आलो होतो. ही म्हणते तसं करा."

पहिल्या औषधाने काही झालं नाही. दुसऱ्याने दुपारपर्यंत झटके थांबले. हिल्क्काला आत सोडलं तेव्हा तुइस्कुने डोळे उघडले नाहीत, पण हिल्क्काने बुटाची नाडी तिच्या तोंडाशी नेल्यावर नाक हललं. त्या दिवशी एवढंच. दोन दिवसांनी तिने हातावरची पेज चाटली.

आठव्या दिवशी ती तिघं परत निघाली. शीर पूर्ण बंद व्हायला सहा आठवडे लागणार होते, आणि तोवर काहीही होऊ शकतं, हे बाईंनी निघतानाही सांगितलं होतं. पोटाला पट्टी, एक मागचा पाय थोडा ओढत, तुइस्कु मागच्या सीटवर हिल्क्काच्या मांडीवर पडली होती.

घर तासाभरावर राहिलं असताना रस्त्याकडेच्या झुडपांत एल्कची मादी उभी दिसली. ऑस्मोने सवयीने गाडी हळू केली. मागे तुइस्कु कोपरांवर उठली आणि भुंकली. ऑपरेशनवेळी घातलेल्या नळीने घसा सोलवटलेला, आवाज जुन्या बिजागरीसारखा. तरी ती भुंकली, आणि पुन्हा भुंकली.

"टाके तुटतील," ऑस्मो म्हणाला. "गप्प कर तिला."

हिल्क्काने दोन्ही तळव्यांनी तिचं पोट खालून घट्ट धरलं.

"टाके मी धरलेत," ती म्हणाली. "तू काच खाली कर."

ऑस्मोने काच खाली केली.