रामनवमीची अधोली

माझं माहेर बारामतीजवळ पिंपळीला, सासर इंदापुरात. बैलगाडीनं दीड दिवसाची वाट, पण पायली दोन्हीकडं निराळी. माहेरी माप भरलं की वरून काठी फिरवून सपाट करायचे. सासरी शीग लावायचे, म्हणजे वर जेवढा ढीग राहील तेवढा राहू द्यायचा. लग्न होऊन आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी शेजारणीला सपाट पायली जोंधळा मोजून दिला आणि सासूबाईंनी माझं माहेर काढलं. “पिंपळीची माणसं हात आखडून मोजत्यात व्हय गं?” मी तरी कुठली ऐकून घेणार! म्हटलं, “आमच्याकडं पाटाचं पाणी हाय, आत्याबाई. दाणा जड असतो, शिगेची गरज पडत न्हाय.” चार दिवस अबोला.

सासरे इंदापूरच्या बाजारात मापाडी होते. मी त्यांना मामंजी म्हणायची. खळ्यावरची रास असो की पेठेतला जोंधळा, मोजायला तेच. पहिल्या मापाला ‘एक’ म्हणायचं नाही, ‘लाभ’ म्हणायचं, मग दोन, तीन. मोजताना कुणी शिंकलं तरी डोळे वटारायचे. देणारा नि घेणारा दोघंही खुशाल पाठ करून तंबाखू मळत बसायचे, इतका त्यांच्या हातावर भरवसा. सन पस्तीसच्या आसपासची गोष्ट. सरकारी शिक्क्याची लोखंडी मापं तेव्हा नवीन होती. बाजारात मामंजी तीच वापरायचे, पण घरात एक जुनी लाकडी अधोली होती. अधोली म्हणजे अर्धी पायली, दोन शेरांची. ती वर्षातून दोनदाच निघायची.

पाडव्याला घरातल्या प्रत्येकाच्या नावानं एक अधोली जोंधळा भरायचा. त्या दिवशी मात्र शीग नाही, काठी फिरवून काठोकाठ सपाट. तो दाणा गाडग्यात ओतायचा, तोंडाला फडकं बांधायचं आणि कुणाचं कोणतं ते कळावं म्हणून वर कुंकवाची बोटं ओढायची. नऊ दिवस ती रांग माजघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात. रामनवमीला दुपारी तोच दाणा पुन्हा त्याच अधोलीत. काठाच्या वर आला तर त्या माणसाला वर्ष बरं. खाली राहिला तर काय, ते कुणी बोलायचं नाही.

माझ्या पहिल्या वर्षी मामंजींच्या धाकट्या भावाचं माप दोन बोटं खाली राहिलं. उंदीर लागला असंल, असं मी हसून म्हणणार होते. पण घरातल्यांची तोंडं बघितली आणि जीभ आत घेतली. दुसऱ्या दिवसापासून पहिली भाकरी त्यांना. आत्याबाई त्यांच्या ताटात तूप नुसतं ओतायच्या. कुणी त्यांच्यावर आवाज चढवीना. ते मुकाट्यानं जेवायचे आणि एकेकाच्या तोंडाकडं बघत राहायचे. माणूस धडधाकट, पण गौरींच्या आधी गेला. ताप नाही, खोकला नाही. सकाळी उठलेच नाहीत.

चौथ्या वर्षी माझी पोरगी आजारी पडली. तीन वर्षांची होती. शिमग्यापासून अंगात ताप, वैद्याचा काढा पोटात राहीना, बरगड्या मोजून घ्याव्या. पाडव्याला मी मामंजींच्या पाया पडले. “हिचं माप नका घालू या वर्षी.” ते म्हणाले, “पोरी, माप घातलं न्हाय तर ती घरातली न्हाय असं व्हतं. भरू दे मला.” आणि पाच गाडगी मांडली. मामंजी, आत्याबाई, माझे मालक, मी आणि ती.

आठव्या दिवशी दुपारी सगळी शेताकडं गेली होती. पोरगी गुंगीत. मी कोपऱ्यात जाऊन तिच्या गाडग्याला हात लावला. बाकीची चार गार होती. तिचं तापलं होतं, तिच्या कपाळासारखं.

मग मी ठरवलं. आधी माझ्याच गाडग्याचं फडकं सोडलं. मूठ भरली आणि पुन्हा आत सोडून दिली. मी गेले तर हिला कोण बघेल, असं मनाशी म्हटलं. आता खरं सांगते, मला मरायचं नव्हतं. मालकांचं गाडगं सोडवेना. आत्याबाई माझ्याशी भांडायच्या, पण माझं बाळंतपण त्यांनीच काढलं होतं. राहिले मामंजी. सगळ्यांत म्हातारे. त्यांच्या गाडग्यातली एक मूठ मी पोरीच्या गाडग्यात टाकली आणि फडकी होती तशी बांधली. कोपऱ्यातून बाहेर येईपर्यंत कुणीतरी मागून बघतंय असं वाटत होतं. मी वळून पाहिलं नाही.

रामनवमीला मामंजींनी माप घेतलं. आमची तिघांची काठाबरोबर आली. पोरीच्या दाण्याला नुसती शीग चढली, जमिनीवर सांडला. मी बघतच राहिले. मी टाकली होती एक मूठ, आणि वर आल्या होत्या दोन. दुसरी कुणाची?

शेवटी मामंजींचं. ते चांगलं खाली राहिलं. त्यांनी अधोलीत बोटं घातली, काठापासून खाली मोजली आणि कपाळाला आठी घालून परत मोजली. मग ते एवढंच म्हणाले, “उचला.”

तिसऱ्या दिवशी पोरीचा ताप उतरला. आठवड्यात ती उंबऱ्यावर बसून भाकरीचा तुकडा चघळायला लागली. मला आनंद झाला, अगदी ऊर फुटेल एवढा, आणि त्याच वेळी स्वयंपाकघरात आत्याबाई मामंजींच्या ताटात पहिली भाकरी ठेवत होत्या.

आषाढात त्यांनी अंथरूण धरलं. श्रावण लागला तेव्हा मीच त्यांना पेज पाजायची. एकदा घरात दुसरं कुणी नव्हतं, तेव्हा त्यांनी मला जवळ बसवलं.

“सूनबाई, तुला म्हणून सांगतो. जन्मभर कुणाचा दाणा हिकडचा तिकडं केला न्हाय. पाडव्याला केला. पोरीचं माप ठोकून, दाबून भरलं. म्हंजे पुन्हा मोजताना वर येणारच. माझं वरनं अल्लाद सोडलं, सैल. ते बसणारच खाली.”

मी वाटीतली पेज ढवळत राहिले.

“पर समदं न्हाय दिलं मी. दिवाळी बघायची व्हती. पोरीला नवं परकर-पोलकं घालून ओवाळताना बघायचं व्हतं. तेवढं माझ्यापुरतं हिशेबानं ठिवलं व्हतं बघ. पर मोजलं तर मूठभर कमीच भरलं. चाळीस वर्सं मापं घातली, असं कधी झालं न्हाय. माझा हात चुकला का गं?”

त्या दिवसानंतर ते चारच दिवस होते. तेव्हा मात्र डोळे माझ्यावर रोखून ते उत्तराची वाट बघत होते. मी वाटी त्यांच्या ओठाला लावली आणि म्हटलं, “व्हय मामंजी. चुकला असंल.”