माय फादर स्लीप्स इन द डे

मॅडमनी फळ्यावर 'स्लीप' लिहिलं आणि प्रत्येकाला एक वाक्य करायला सांगितलं. सातवीचा वर्ग, हिंदी मुलखातली शाळा. पुढच्या बाकांवरच्या मुली पटापट उठल्या. बाळ झोपतं. मांजर झोपतं. मी दहाला झोपते. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, "माय फादर स्लीप्स इन द डे."

मॅडमनी ते फळ्यावर लिहिलं. मग वर्गाकडे पाहून हसल्या आणि त्यावर मोठी फुली मारली.

"तुम लोगों में यही होता है," त्या म्हणाल्या. "रात को पीना, दिन में पड़े रहना."

वर्ग हसला. 'तुम लोग' म्हणजे कोण, हे मला कुणी फोड करून सांगायची गरज नव्हती. माझं आडनाव त्यांनी पहिल्याच दिवशी दोनदा विचारून घेतलं होतं.

माझे बाबा दारूच्या थेंबालाही शिवत नव्हते. ते पोलादाच्या प्लांटमध्ये कोक ओव्हनवर, म्हणजे कोळशाच्या भट्ट्यांवर, अवजड सामान ओढणारे खलाशी होते. रात्रपाळी करून यायचे तेव्हा अंघोळ झाली तरी भुवयांतली काळी धूळ जात नसे. सेक्टर २ मधलं आमचं दोन खोल्यांचं क्वार्टर. ते आडवे झाले की आई त्यांचं हेल्मेट बाहेरच्या कडीला टांगायची. हेल्मेट दिसलं की क्वार्टरांच्या सगळ्या लाइनीला कळायचं, इथे माणूस झोपलाय. भाजीवाला आमच्या दारापुढून न ओरडता जायचा. आई कुकर लावत नसे. बुद्धापुढे त्रिशरण म्हणायची तेही ओठांतल्या ओठांत. आम्ही भावंडं हातवारे करून भांडायचो. त्या घरात माझा आवाज बारीक झाला तो शाळेतही बारीकच राहिला, आणि त्यावरूनही मॅडम मला झोपाळू म्हणायच्या.

त्या दिवशी घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं. सांगता सांगता हुंदका फुटला. आईनं माझ्या तोंडावर पदर धरला.

"जोरानं नको रडू व माय. बाबा झोपून राहिले."

रडायचं तेही बिनआवाजाचं. मला आईचा राग नाही आला. तिचेही डोळे भरले होते.

पुढे पालकसभा आली. आई तापानं पडली होती, म्हणून बाबा रात्रपाळीवरून परस्पर शाळेत आले. हेल्मेट मांडीवर घेऊन शेवटच्या बाकावर माझ्या शेजारी बसले. वर पंखा फिरत होता, मॅडम बोलत होत्या, आणि बाबांची मान हळूहळू कलली. मॅडम थांबल्या.

"देख लीजिए," त्या बाकीच्या पालकांना म्हणाल्या. "यही कह रही थी मैं."

सगळे वळून बघू लागले. बाबांना दचकवून उठवायला मॅडमनी टेबलावर आपटण्यासाठी डस्टर उचललं.

मी उठले. बाबांच्या मांडीवरून हेल्मेट घेतलं, वर्गाच्या दाराच्या कडीला टांगलं. आणि त्या शाळेत पहिल्यांदा मोठ्यानं बोलले.

"मॅडम, मेरे बाबा रात भर ड्यूटी करके आए हैं. सो रहे हैं. आवाज़ मत कीजिए."

डस्टर हातातच राहिलं. एका बापानं मान खाली घातली. तोही शिफ्टवालाच होता. त्याची पोरगी माझ्या वाक्यावर हसली होती.

घरी जाताना मी सायकलच्या कॅरिअरवर होते. बाबा पायडल मारता मारता म्हणाले,

"उठवाचं होतं ना मले, पोरी."

"कावून उठवू?"

"लोकायसमोर झोपलो ना मी. इज्जत गेली."

मी त्यांचा शर्ट मागून घट्ट धरला. मला जिंकल्यासारखं मुळीच वाटलं नाही. रात्रभर भट्टीपाशी भाजून आलेल्या माणसाला स्वतःच्या झोपेची लाज वाटत होती. ही लाज त्यांच्यात कुणी पेरली ते मला त्या सायकलवर कळलं.

बाबा मागच्या वर्षी गेले. आईनं सवयीनं त्यांचं जुनं हेल्मेट कडीला टांगलं आणि बायकांना खुणेनं गप्प केलं. मयतीला त्यांचे एक साहेब आले होते. माझ्या डोक्यावर हात ठेवून इंग्रजीत म्हणाले, आता ते शांत झोपलेत. मी उठून हेल्मेट काढलं.

"नो सर. ही इज नॉट स्लीपिंग. ही इज डेड."

मग मी मोठ्यानं रडले. आईनं या वेळी पदर धरला नाही.

जन्मभर त्यांना धड झोप मिळाली नाही. मेल्यावर ती फुकटात कुणी त्यांना देऊ नये.

आता मी बोरसीच्या एका शाळेत इंग्रजी शिकवते. या शब्दाचे सगळे अर्थ मुलांना सांगते. कुत्र्याला सुई टोचून मारतात, त्यालाही स्लीप म्हणतात. निर्णय उद्यावर ढकलतात, तेही स्लीप. हात न हलवता नफा घेणारा भागीदार, तोही स्लीपिंग, आणि त्याच्यावर कुणी फुली मारत नाही. पण त्याआधी फळ्यावर पहिलं वाक्य माझं असतं. माय फादर स्लीप्स इन द डे. त्यावर फुली मारायला मी जिवंत असेपर्यंत कुणाच्या हाती खडू देणार नाही.